निवाडा सापडला, पण तो आजही लागू आहे का?

आज बोलायचं आहे ते विधी महाविद्यालयात नुकताच प्रवेश घेतलेल्यांशी. त्यात बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेल्या मुली आहेत, तशा संसार सांभाळून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला बसलेल्या बायकाही आहेत. पहिलं सत्र संपायच्या आतच शेजारपाजारचे लोक तुम्हाला प्रश्न विचारू लागतात. त्यांना सल्ला देण्याची घाई करू नका. पण त्या प्रश्नांवर अभ्यास जरूर करा.

समजा, शेजारच्या मावशी विचारतात, "अगं, वडिलांच्या जमिनीत मला हिस्सा मिळेल का?" अशा वेळी लगेच मोबाईल उघडू नका, आधी वही उघडा. जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली? वडील कधी वारले? मृत्युपत्र आहे का? वाटणी झाली का, आणि झाली असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर? मावशींनी हक्कसोड पत्रावर सही केली आहे का? कायद्याच्या संशोधनाची सुरुवात अशी होते. तारखा चुकल्या की पुढचं सगळं चुकतं.

आपण धरून चालू की जमीन एकत्र कुटुंबाची, चार एकर. मावशींचं लग्न १९९० साली झालं. आई आधीच गेली, वडील १९९९ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे एक भाऊ आणि एक बहीण. वाटणी झालेली नाही, हक्कसोडही नाही.

आता मूळ कायदा उघडा, म्हणजे आपण ज्याला बेअर अ‍ॅक्ट म्हणतो तो. गाईड नंतर. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हक्क दिला. पण दुरुस्ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. एवढंच वाचून थांबलात तर मावशींना "नाही" म्हणाल. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली. तिने कलम ६ बदललं आणि मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायक ठरली, लग्न झालेलं असो वा नसो. कलम वाचताना परंतुक आणि स्पष्टीकरण सोडू नका. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना हात लागणार नाही, हे तिथेच लिहिलेलं आहे.

मग निवाडे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'प्रकाश विरुद्ध फुलावती' या प्रकरणात म्हटलं, २००५ च्या त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात असतील तरच नवा हक्क मिळेल. २०१८ मध्ये 'दानम्मा विरुद्ध अमर' या प्रकरणात वडील २००१ सालीच वारलेले होते, तरी मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही खंडपीठं दोन-दोन न्यायमूर्तींची. मग खरं कोणतं मानायचं? ११ ऑगस्ट २०२० ला 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हा घोळ मिटवला. हक्क जन्माने येतो, त्यामुळे त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही.

याचा मावशींच्या जमिनीवर काय परिणाम होतो ते पाहा. २०१५ च्या निवाड्यावर थांबलात तर त्यांच्या वाट्याला वडिलांच्या अर्ध्या हिश्श्यातला अर्धा येतो, म्हणजे एक एकर. २०२० पर्यंत आलात तर भावाच्या बरोबरीने दोन एकर. संशोधन अर्धवट सोडलं तर एका बाईची एक एकर जमीन जाते. म्हणून निवाडा सापडला की तीन प्रश्न विचारायचे. किती न्यायमूर्तींचा? नंतर तो कुणी बदलला का? आणि त्यातली तथ्यं आपल्या तथ्यांशी जुळतात का?

कायदे 'इंडिया कोड'वर आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 'ई-एससीआर'वर फुकट वाचता येतात. निवाडा लांबलचक असतो, त्याला घाबरू नका. तथ्यं काय, वादाचा मुद्दा कोणता, निर्णय काय आणि त्याचं कारण काय, एवढं स्वतःच्या शब्दांत एका पानावर उतरवा. वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाचं मत म्हणून लिहिला जाणार नाही, याकडे लक्ष ठेवा.

लिहितानाही क्रम साधा ठेवा. आधी प्रश्न, मग कायदा, मग तो आपल्या तथ्यांना कसा लागू होतो, शेवटी निष्कर्ष. बहुतेक विद्यार्थिनी कायदा पानभर लिहितात आणि लागू करणं दोन ओळींत उरकतात. गुण तिथेच जातात. प्रत्येक विधानाला आधार द्या. (२०२०) ९ एससीसी १ म्हणजे २०२० सालचा नववा खंड, पान एक. सोबत परिच्छेदाचा क्रमांक लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ती ओळ लगेच सापडते. "सबब", "उपरोक्त" यांची गर्दी नको. मावशींना वाचून दाखवलं तर कळेल, असं लिहा.

हल्ली एआयला विचारलं की क्षणात निवाड्यांची यादी येते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी अशी यादी न तपासता न्यायालयात दिली. त्यातले निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि ५,००० डॉलर दंड झाला. जो निवाडा स्वतः उघडून वाचला नाही, तो लिहायचा नाही.

आणि मावशींचं काय? तुमचं टिपण हा अभ्यास आहे, वकिलाचा सल्ला नव्हे. त्यांना सातबारा आणि फेरफार घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. शक्य असेल तर सोबत जा. तुम्ही वहीत लिहिलेल्या तारखा तिथल्या वकिलांना पहिल्याच दिवशी उपयोगी पडतील.