एक पीक, एक नाव

(अड्याळ येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या गावाचे नाव कोणी ‘अड्याळ’ लिहितो, कोणी ‘अड्याल’. वाचणाऱ्याला गाव एकच दिसते. संगणकाला मात्र दोन दिसतात. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक होता, तो याचसाठी. नाव कसेही लिहा, अंक एकच.

पिकांचेही तसेच आहे. आपले धान कोकणात भात होते. आपल्या जवसाला अन्यत्र अळशी म्हणतात. गाव नमुना बारा हाताने लिहिला जाई, तेव्हा बेरीज करणारा अनुभवाने ही नावे जुळवून घेई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्यात शेतकरी मोबाईलवर स्वतः नोंद करतो. मात्र पिकाचे नाव लिहीत नाही, ठरलेल्या यादीतून निवडतो. रकान्याला अशी मर्यादा घातली की एकाच पिकाची दोन नावे होत नाहीत आणि तालुक्याची बेरीज जुळते.

ही मर्यादा इष्टच आहे. परंतु तिच्यामुळे यादी करणाऱ्याची जबाबदारी वाढते. बांधीतले धान कापणीला येण्यापूर्वीच त्यात लाखोळी फेकून पेरण्याची आपल्याकडे रीत आहे. यादीत लाखोळी सापडली नाही, तर शेतकरी ‘इतर’ निवडील किंवा जवळचे भलतेच नाव. तक्ता नीटनेटका दिसेल, पण नोंद खोटी ठरेल. नुकसानभरपाई, पीक विमा, आधारभूत किमतीने धानखरेदी या सर्वांत पीकनोंदीला महत्त्व आहे. एका चुकीच्या निवडीने एखाद्या कुटुंबाचा हंगाम हिशेबाबाहेर राहू शकतो.

यासाठी प्रमाण नाव एकच असावे. पण बोलीतील नावे त्याला जोडलेली असावीत, म्हणजे अळशी शोधणाऱ्यालाही जवस सापडेल. ‘इतर’ या सदरात साठलेल्या नोंदी दर हंगामानंतर तपासल्या जाव्यात, कारण यादीत काय राहून गेले ते तेथेच कळते.

हे काम केवळ वरिष्ठ कार्यालयाचे नव्हे. शिक्षकांनी व सदस्यांनी हंगामाच्या प्रारंभी ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. जे पीक शेतात आहे पण यादीत नाही, ते लेखी कळवावे. यादी शासनाची असली, तरी शेत आपले आहे.