फोटो काढून झाल्यानंतरचा शिष्टाचार



रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा फोटो काढावा का, हा वाद आपण छायाचित्रकार एका वाक्यात मिटवतो: जागा सार्वजनिक आहे, मग विचारायचं कशाला? कायदाही बहुतांशी आपल्या बाजूने आहे. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. माणूस केवळ सार्वजनिक जागी आला म्हणून हा हक्क गमावत नाही, हेही त्याच निकालात आलं आहे. पायरीवर बसलेल्या माणसाने तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर पत्करलेली असते. फोटो त्याला तिथून उचलून कुठेही नेतो. म्हणून शटर दाबण्यापेक्षा फोटो पुढे धाडताना आपली जबाबदारी जास्त असते, असं मला वाटतं. कॅनडात माँट्रियलमध्ये पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो एका कलाविषयक मासिकाने तिला न विचारता छापला. फोटोत गैर काही नव्हतं, अंकाच्या प्रती खपल्या त्या जेमतेम सातशेच्या आसपास. तरी लोक आपल्याला हसले, असं तिने कोर्टात सांगितलं आणि १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिची २००० डॉलरची भरपाई कायम केली. रस्त्यावर बसण्याने तिचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते छापून आल्यावर.

विचारलं की चेहरा बदलतो, सहजपणा जातो, असा आक्षेप आपल्यातले जाणते लोक घेतात. तो खोटा नाही. पण आधी विचारता आलं नाही म्हणून नंतरही विचारायचं नाही, हे त्यातून कसं निघतं? डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मजूर आईचा जो फोटो काढला, तो तर समोर उभं राहून काढलेला होता; त्या बाईने सहकार्यच केलं, असं लँग यांनीच पुढे लिहिलं. मात्र नाव विचारलं नाही. सरकारी कामासाठी काढलेला तो फोटो जगभर फिरला, १९९८ मध्ये टपाल तिकिटावरही आला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे त्या बाईचं नाव १९७८ मध्ये उजेडात आलं, तेव्हा फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, तो काढलाच नसता तर बरं, अशी तिची तक्रार होती. म्हणजे क्लिकच्या वेळची संमतीसुद्धा अपुरी पडली. फोटो कुठे जाणार, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडची वारी घ्या. दिवे घाट चढणारी पालखी, रिंगणात धावणारा अश्व यांचे फोटो काढताना लाखो लोकांना कोण विचारणार, आणि का? तिथे गर्दी हाच विषय असतो. पण चंद्रभागेत स्नान करून वाळवंटात लुगडं बदलणाऱ्या बाईकडे शेजारचा वारकरी पाठ फिरवतो. तो त्या जागेचा रिवाज आहे, आणि लांब पल्ल्याची लेन्स नेमका तोच मोडते. हा फोटो काढूच नये. इथे कलेची सबब मला पटत नाही. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीची गोष्ट वेगळी. तिचा फोटो खुशाल काढावा. पण दर आषाढीला ती ‘भक्ती’ नावाने स्पर्धांत झळकते, आणि तिचं गाव, तिची दिंडी कुठेच नसते. दिंड्यांना क्रमांक असतात. तो विचारून घेतला तर पुढच्या वारीत फोटो तिच्या हातात देता येतो, आणि तो नकोसा असेल तर तेही कळतं.

एवढं सोवळं पाळलं तर लाठी चालवणाऱ्या पोलिसाचा फोटो कोण काढणार, असंही विचारतात. तो जरूर काढावा आणि न विचारता छापावा. तो तिथे अधिकार वापरायला आलेला असतो, म्हातारी नव्हे. हा फरक ओळखायला नवा कायदा लागत नाही, पण आपल्या स्पर्धांच्या प्रवेशअर्जात एक रकाना लागेल: फोटोतल्या व्यक्तीला काय सांगितलं, आणि सांगता आलं नसेल तर का. तसा ठराव या संमेलनाने आजच्या खुल्या अधिवेशनात घ्यावा, अशी माझी सूचना आहे.