इंग्रजी आठ



मोटारसायकल चालवता येते का, असं कुणी विचारलं तर मी तीस वर्षं बिनदिक्कत ‘हो’ म्हणत आलो. मिरजेहून कोल्हापूर, पंढरपूर तर नेहमीचंच. एकदा भर पावसात आंबा घाट उतरून रत्नागिरीलाही गेलो आहे. पण गाडी चालवणं वेगळं आणि गाडी वळवणं वेगळं, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. तेही आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, मागे अम्मी बसलेली असताना.

आमचं घर सतारमेकरांच्या शेजारी. मिरजेची तंतुवाद्यं आपल्याला ठाऊक आहेतच. दारात तंबोऱ्याचे भोपळे मांडलेले असतात, मधून मुलं, सायकली. रिक्षा आत येत नाही. अम्मी ऐंशीची. गुडघ्यांच्या उपचारासाठी तिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं. त्या दिवशी परतताना कोपऱ्यावर डावीकडे वळलो, समोर भोपळ्यांची रास दिसली आणि माझ्या उजव्या हातानं पुढचा ब्रेक आवळला. हँडल वळलेलं, वेग माणसाच्या चालीइतका. गाडी जागच्या जागी थांबली आणि आतल्या बाजूला कलंडली. मी पाय टेकला. पण सव्वाशे किलोची गाडी आणि दोन माणसं एका पायावर तोलत नाहीत. अम्मीचं मनगट मुरगळलं, कोपर खरचटलं. हाड वाचलं एवढंच. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, “अब मैं चलकेच जाती.” ऐंशी वर्षांची बाई, दीड किलोमीटर! तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्याच महिन्यात माझी मुलगी लायसन्सच्या तयारीला लागली होती. दुचाकीच्या परीक्षेत अनेक ठिकाणी पाय न टेकता आठाचा आकडा काढायला लावतात. हा आठ इंग्रजी बरं का! आपला मराठी आठ काढला तर एक वळण घेऊन मैदानाबाहेरच पडावं लागेल. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर विटा मांडून ती सराव करायची. म्हणाली, “अब्बा, तुम्ही काढून दाखवा ना.” मी ऐटीत बसलो. पहिल्याच वेढ्यात दोनदा पाय टेकला आणि एक वीट उडवली. माझ्या वेळी परीक्षा कशी झाली होती, ते इथे सांगत नाही.

मग मुलगी शिकवू लागली आणि बाप शिकू लागला. गंमत अशी की वेगात असलेली गाडी आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. ती कलली की पुढचं चाक त्याच बाजूला वळतं आणि गाडीला पुन्हा उभी करतं. चालीच्या वेगाला मात्र हे काम मंदावतं, ते चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणजे सावकाश जाणं हेच अवघड. आणि भीती वाटली की आपण आणखी सावकाश जातो!

यावर उपाय म्हणजे हाफ क्लच. ॲक्सिलरेटर एकसारखा धरायचा, मागच्या ब्रेकवर पाय हलकेच टेकवायचा आणि वेग कमी-जास्त करायचा तो डाव्या हाताच्या बोटांनी. तंबोरा जुळवताना खुंटी पिळतात तसा, केसभर. क्लच जळेल म्हणून मी घाबरत होतो. आमच्या मिस्त्रींनी समजावलं, की बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटा तेलात बुडालेल्या असतात; वळणापुरतं त्यांना काही होत नाही. दिवसभर तसंच चालवाल तर मात्र होईल. बिनगिअरच्या स्कूटरला हातानं दाबायचा क्लच नसतो, तिथे थोडा ॲक्सिलरेटर आणि मागचा ब्रेक यांवरच भागवायचं. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, तेव्हा तिथे दाब आणखी हलका हवा. आणि जोराचा ब्रेक लावायचाच असेल, तर हँडल सरळ असताना, वळणाआधी.

दुसरी गोष्ट माझ्या तीस वर्षांच्या सवयीच्या उलट निघाली. घाटात आपण गाडीबरोबर कलतो. इथे गाडीला कलू द्यायचं आणि आपण ताठ, किंचित बाहेरच्या बाजूला बसायचं.

सगळ्यात अवघड काय होतं? नजर. मी विटेकडे बघायचो आणि गाडी विटेवरच जायची. मुलगी ओरडायची, “अब्बा, विटेकडं नका बघू! जिथून बाहेर पडायचंय तिकडं बघा. नुसते डोळे नकोत, मान वळवा.” मान वळवली की खांदे वळतात आणि हात आपोआप त्यांच्यामागे जातात. कवी माणूस असल्यामुळे मला यात काहीतरी मोठं दिसू लागलं. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “आधी आठ.”

तिसऱ्या रविवारी आठ निघाला. मग मागच्या सीटवर गव्हाचं अर्धं पोतं बांधलं, मग मुलगी स्वतः बसली, तीही अम्मीसारखी एका बाजूला. तेव्हा लक्षात आलं, की असं बसलेल्या माणसाचं वजन डावीकडे जास्त पडतं, त्यामुळे डावीकडच्या वळणावर गाडी लवकर आत कलते. आमच्या गल्लीचं वळण नेमकं डावीकडचं. तेव्हा ते थोडं रुंद घ्यायचं, हे ठरलं.

अम्मीला मनवायला आणखी दोन आठवडे गेले. तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवताना गल्ली जमा झाली होती. कोपऱ्यावर आलो. भोपळे होते तिथेच होते. शेजारी रास उचलायला धावला, मी म्हटलं, असू द्या. ब्रेकचं बोट दूर ठेवलं, मान वळवली. गाडी पायी चालल्यासारखी वळली. अम्मीनं माझा शर्ट मुठीत धरला होता, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

परत येताना तिच्या त्या हातात औषधांची पिशवी होती.