वीरगळ खालून वर वाचावा

तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड हा आपला गोदाकाठचा मुलूख. मराठवाड्यातल्या जुन्या गावांत वेशीपाशी, मारुतीच्या पाराला टेकून किंवा पडक्या महादेवाच्या मागे कमरेएवढा कोरीव दगड पुष्कळदा दिसतो. शेंदूर फासलेला असतो. आपण हात जोडतो आणि पुढे जातो. आज हात जोडून झाल्यावर जरा थांबू या. तो बहुधा वीरगळ असतो, लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. यादवांच्या काळातले असे वीरगळ महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील, तर गावाचं गोधन राखताना तो गेला असं समजावं. वर लढाई, ढाल-तलवारी, कधी घोडा. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून स्वर्गात नेतात. शेवटी तोच वीर शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहो म्हणून. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजं लढताना दिसतात.

मला अप्सरांची चौकट सर्वांत मोठी वाटते. काळा पाषाण कठीण. नाक-डोळे रेखण्यात पाथरवटानं वेळ घालवलेला नाही. बहुतेकदा नावही कोरलेलं नसतं. पण तळाशी जडशीळ पडलेला देह इथे त्यानं अगदी हलका केला आहे. एवढंसं साधायला हात फार तयार लागतो.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातही गावोगाव अशी दगडी स्मारकं आहेत. मधे येशूचा क्रूस, भोवती त्याच्या आयुष्यातले प्रसंग. प्लुगास्तेल गावानं १५९८ची प्लेगची साथ सरल्यावर १६०२ ते १६०४ या काळात असं स्मारक उभारलं. त्यावर सुमारे १८० आकृती आहेत. तिथे भोवती फिरत कथा पाहायची, आपल्याकडे नजर वर चढवायची. मरणाला दगडात उत्तर देण्याची धडपड मात्र दोन्हीकडे एकच.

वीरगळ भर दुपारी पाहू नका. सकाळी किंवा दिवस कलताना ऊन तिरपं पडतं, तेव्हा झिजलेल्या रेषाही उठून दिसतात.

आणि एक कळकळीची विनंती. त्यावर ऑइलपेंट चढवू नका, आणि देवळाचा जीर्णोद्धार काढाल तेव्हा हा दगड पायरीला किंवा पायात घालू नका. आहे तिथेच, उभा राहू द्या.