पगारपत्रकावर नसलेली सिस्टर



अधिवेशनाच्या अध्यक्षाने वैद्यकशास्त्रातल्या नव्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ते काम उद्याच्या सत्रांतले तरुण वक्ते माझ्यापेक्षा चांगले करतील. मी आज तुम्हाला पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये घेऊन जाणार आहे. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात मी स्वयंसेवक डॉक्टर म्हणून काही काळ काम केले आहे. युद्धातून उठलेल्या गरीब देशात औषधे अपुरी असतात, यंत्रे बंद असतात, इमारती पडक्या असतात, हे आपण सारे जाणतो. त्या सगळ्याच्या मुळाशी असलेले एक दुखणे मात्र फारसे चर्चेत येत नाही. राबणाऱ्या माणसाला पगार मिळत नाही, हे ते दुखणे.

मार्च १९९१ मध्ये लायबेरियातून बंडखोर सिएरा लिओनमध्ये शिरले. पूर्वेकडचा कैलाहुन जिल्हा सुरुवातीलाच होरपळला. युद्ध संपल्याची घोषणा झाली ती जानेवारी २००२ मध्ये. तोवर सुमारे पन्नास हजार माणसे गेली होती आणि हात तोडलेल्या निरपराधांची छायाचित्रे जगभर पोहोचली होती. कैलाहुन हे नाव आपल्या लष्कराला चांगले ठाऊक आहे. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले भारतीय जवान तिथे दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात अडकले होते. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने त्यांची सुटका झाली. पुढे २०१४ साली सिएरा लिओनमधला इबोलाचा पहिला रुग्ण सापडला, तोही याच जिल्ह्यात.

या पट्ट्यात उंदरांमार्फत पसरणारा लासा ज्वर आधीपासूनच आहे. त्यावरचे उपचार आणि संशोधन सेग्ब्वेमा गावातल्या मिशन रुग्णालयात चालत असे. युद्धामुळे ते काम केनेमाच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. तिथे डॉ. अनिरू कॉन्टे यांनी युद्धाच्या काळातही लासाचा वॉर्ड चालू ठेवला. २००४ साली रुग्णावर उपचार करताना सुई टोचल्याचे निमित्त झाले आणि ते त्याच ज्वराने गेले. त्यांच्यानंतर वॉर्डची धुरा वाहणारे डॉ. शेख हुमार खान २९ जुलै २०१४ रोजी इबोलाने गेले. त्या साथीत सिएरा लिओनने अकरा डॉक्टर आणि सारे मिळून दोनशेहून अधिक आरोग्य कर्मचारी गमावले. ज्या देशाच्या सरकारी सेवेत साथीपूर्वी दीडशेच्या आसपास डॉक्टर होते, तिथे अकरा जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. ऑगस्टच्या अखेरीस त्याच केनेमा रुग्णालयातल्या परिचारिकांनी काम थांबवले. ठरलेला जोखीम भत्ता त्यांच्या हाती पडला नव्हता. सहकाऱ्यांची प्रेते उचलणाऱ्या बायकांना हक्काच्या पैशासाठी संप करावा लागला!

आता एक सिस्टर डोळ्यांसमोर आणा. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा गणवेश. सकाळी आठच्या आत वॉर्डात हजर. तापाचे तक्ते तीच भरते, सलाइन तीच लावते, रात्री बाळंतिणीजवळ तीच बसते. शिक्षण पूर्ण, नोंदणीही झालेली. पण सरकारी पगारपत्रकावर तिचे नाव नाही. कागदोपत्री ती ‘स्वयंसेवक’ आहे. पगार सुरू व्हायचा तर ‘पिन कोड’ लागतो, म्हणजे पगारपत्रकावरचा क्रमांक. वर्षानुवर्षे तो येत नाही. ‘पिन कोड आला का?’ हे त्या वॉर्डात रोज कोणी ना कोणी कोणाला तरी विचारतेच. देशातल्या सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे असे बिनपगारी आहेत.

मग ती जगते कशावर? तिच्या खांद्यावरच्या पिशवीत हातमोज्यांच्या जोड्या, सलाइनच्या सुया आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या असतात. रुग्णाच्या नातेवाइकाला ती त्या विकते. तपासनीस याला भ्रष्टाचार म्हणतील. ती सिस्टर याला घरातला तांदूळ म्हणते. आणि पोटातले बाळ आडवे आले म्हणून ओकाडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये बसून आलेल्या बाईच्या घरचे लोक यातून एकच धडा घेतात: सरकारी दवाखान्यात ‘मोफत’ला काही अर्थ नाही. पुढच्या खेपेला ते येत नाहीत. इबोलाच्या साथीत लोक दवाखान्यांना टाळत होते ते भीतीने. पण हा अविश्वास त्याच्या कितीतरी आधीपासून साचत आला होता.

यावर उपाय सापडला नव्हता असे नाही. २७ एप्रिल २०१० रोजी सरकारने गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी मोफत आरोग्यसेवा जाहीर केली. त्याआधी दोन कामे झाली: पगारपत्रकावरची शेकडो बोगस नावे काढली आणि खऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार घसघशीत वाढवले. दवाखान्यांत मुलांची रीघ लागली. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २०१३ च्या पाहणीत ११६५ होते, ते २०१९ च्या पाहणीत ७१७ वर आले. महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ होता, म्हणजे दोन्हींमधले अंतर अजून प्रचंड आहे. तरीही मधल्या काळात इबोला येऊन गेलेल्या देशाने इतकी मजल मारली, ही लहान गोष्ट नव्हे.

मग घोडे अडले कुठे? गर्दी वाढली त्या मानाने नेमणुका वाढल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी होणाऱ्या करारांत सरकारच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते, आणि परदेशी देणगीदाराला इमारत, वाहन, यंत्र द्यायला आवडते. त्यावर पाटी लावता येते, फोटो काढता येतो. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. २०१८-१९ मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून देशभर रुग्णवाहिकांचे जाळे उभे राहिले. काम उत्तम होते. प्रकल्पाचा निधी आटला तसे डिझेलचे वांधे सुरू झाले. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत आवरली आणि ब्रिटननेही कपात जाहीर केली, तेव्हा दात्यांच्या भरवशावर चालणारा गाडा किती डळमळीत असतो, हे पुन्हा दिसले. २००१ साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रांनी अंदाजपत्रकाचा पंधरा टक्के वाटा आरोग्याला देण्याचे वचन दिले होते. ते पाळणे हे त्या त्या सरकारचे काम आहे. तिथे दात्याकडे बोट दाखवून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र आपण त्यांच्याकडून शिकावी. शल्यचिकित्सक नाहीत म्हणून हातावर हात धरून ते बसले नाहीत. २०११ पासून तिथे कम्युनिटी हेल्थ ऑफिसरना, म्हणजे डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना, शस्त्रक्रियेचे तीन वर्षांचे कसून प्रशिक्षण दिले जाते. एके काळी कुष्ठरोग्यांसाठी असलेले आणि युद्धात बंडखोरांच्या ताब्यात गेलेले मसांगाचे रुग्णालय या कार्यक्रमाचे केंद्र आहे. हे लोक सिझेरियन करतात, हर्निया दुरुस्त करतात. हर्नियाच्या बाबतीत रीतसर चाचणी घेतली गेली, तेव्हा त्यांचे काम डॉक्टरांपेक्षा कमी दर्जाचे ठरले नाही. आपल्याकडे ‘ब्रिज कोर्स’चा, म्हणजे एमबीबीएस नसलेल्यांना जादा प्रशिक्षण देऊन आधुनिक उपचारांची मुभा देण्याचा, विषय निघाला की आपण मोर्चे काढतो. प्रशिक्षण तोकडे असेल तर विरोध जरूर करावा. पण विरोधाला प्रशिक्षणाच्या दर्जाचा आधार हवा, पदवीच्या मक्तेदारीचा नको.

खेड्यातल्या बाईच्या हाती आरोग्य देण्याची वाट तर महाराष्ट्राने जगाला दाखवली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला जे सुरू केले, ते शिकायला आफ्रिकेतूनही कार्यकर्ते येत आले आहेत. त्याच महाराष्ट्रात आपल्या आशाताईंना मानधनवाढीच्या शासननिर्णयासाठी आझाद मैदानावर ठाण मांडावे लागते, कंत्राटी परिचारिका कायम होण्याची वाट पाहत वर्षे काढतात. सिएरा लिओन गरीब आहे, युद्धाने पिळवटलेला आहे. आपल्याला ती सबब नाही.

म्हणून या अधिवेशनापुढे तीन ठराव ठेवतो. आपल्यापैकी जे कोणी परदेशी शिबिरांना जातात, त्यांनी केलेल्या शस्त्रक्रिया मोजण्याऐवजी शिकवलेले स्थानिक हात मोजावेत. मध्यम स्तरावरील आरोग्य अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करायला आपल्या संघटनेने समिती नेमावी, आणि तिच्यात परिचारिकांना बरोबरीची जागा द्यावी. तिसरा ठराव सर्वांत साधा आहे: आपल्या स्वतःच्या रुग्णालयांत आणि नर्सिंग होममध्ये परिचारिकेला कायद्याने ठरलेले किमान वेतन, वेळेवर आणि बँकेत जमा करून द्यावे. पहिल्या दोन ठरावांवर चर्चा होऊ द्या. तिसऱ्याची अंमलबजावणी सोमवारी सकाळी सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.