अडवतो तो काठ

झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा आपल्याकडे कुणाला नवा नाही. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुराने तालुक्याचा संपर्क किती वेळा तुटला, याची मोजदाद नाही. त्या डोंग्यात बसलेल्या माणसाला पाय फारसे लागत नाहीत. लागतात हात, खांदे आणि तोल. मग पायांनी अधू असलेला पोरगा काठावर का बसून राहतो?

ग्वाल्हेरची प्राची यादव काठावर बसली नाही. भोपाळच्या तलावावर सराव करून ती टोकियो पॅरालिम्पिकच्या नौकाशर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये तिने सुवर्णपदक घेतलं. शर्यत फक्त २०० मीटरची.

नावेत बदल थोडेच करावे लागतात. पाठीला उंच टेका हवा. खाली जाड गादी हवी, कारण कमरेखाली संवेदना नसेल तर कातडी सोलली किंवा तापलेल्या प्लॅस्टिकचा चटका बसला तरी कळत नाही. पट्टा बांधलाच, तर एका झटक्यात सुटणारा. नाव उलटली की माणूस मोकळा झाला पाहिजे. लाइफ जॅकेट तर सगळ्यांनाच. सिकलसेलचा रुग्ण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, भरपूर पाणी पाजा आणि थंडीत भिजू देऊ नका. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेललाही अपंगत्वात धरलं आहे, आणि तो आजार आपल्या गावांना चांगला ओळखीचा आहे.

खरं घोडं अडतं ते काठावर. पायऱ्या, चिखल, निसरडे दगड! चौघांनी उचलून नावेत ठेवणं म्हणजे सोय नव्हे. त्यात त्या माणसाचा मान राहत नाही. घोडाझरीसारख्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं, तेव्हा पक्का उतार बांधला तरी तो चिखलात संपतो. म्हणून त्याच्या टोकाला पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा. व्हीलचेअर त्याच्या कडेला लावायची, दोघांनी नाव घट्ट धरायची, आणि माणसाने आपल्या हातांच्या जोरावर सरकून आत बसायचं. ताडोबाच्या तळ्याचं नाव मात्र काढू नका, तिथे मगरी आहेत.

तुमच्या गावच्या तलावावर घाट बांधायचा विषय ग्रामसभेत निघाला, तर पायऱ्यांशेजारी एक उतार मागून घ्या. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, एवढं मापही ठरावात लिहवून घ्या.