संतांची तिथी आणि वसईचा गोन्सालो



कॅथलिक पंचांग उघडले म्हणजे जवळजवळ प्रत्येक दिवसावर कोणा ना कोणा संताचे नाव आढळते. हा दिवस त्या संताच्या जन्माचा असावा, असे आपण सहज धरून चालतो. पण येशूची आई मरिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान असे थोडे अपवाद सोडले, तर जन्मदिवसाचा सण कोणाचाच नाही. संताचा सण बहुधा त्याच्या मरणाच्या दिवशी येतो. फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. जुन्या गोव्यात फेस्त भरते ते ३ डिसेंबरलाच. गंमत अशी, की जुने ख्रिस्ती लोक या मृत्युदिनालाच जन्मदिन म्हणत. दुसऱ्या शतकात स्मिर्ना नगरीच्या पॉलिकार्प नावाच्या बिशपला ठार मारले, तेव्हा त्याच्या मंडळींनी अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचे ठरविले. त्यांच्या दृष्टीने तो त्याचा स्वर्गातला जन्म होता. तुकाराम बीज आणि आळंदीची कार्तिक वद्य त्रयोदशी पाळणाऱ्या आपणांस यात फारसे नवल वाटू नये.

आता अशा एका तिथीकडे वळू, की जिचा धागा आपल्या वसईपर्यंत पोहोचतो.

गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. मुलगा येशूसंघाच्या पाद्र्यांजवळ शिकला आणि ऐन पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा उत्तम आत्मसात केली, वर्षानुवर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. परंतु संघात प्रवेश काही त्याला मिळाला नाही. तेव्हा त्याने व्यापार धरला. व्यापारात जम बसला, पण मन रमले नाही. शेवटी मनिलास फ्रान्सिस्कन संघाने त्याला साधा बंधू म्हणून घेतले. दीक्षित पाद्री तो कधीच झाला नाही. १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, त्यांना दुभाष्या हवा होता. अशा रीतीने वसईचा हा माणूस जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभा राहिला.

हिदेयोशीने १५८७ सालीच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता; तो इतके दिवस सैलच राहिला. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज किनाऱ्यास लागून फुटले, त्यातून संशय भडकला आणि धरपकड झाली. क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत शेकडो मैलांची चाल. वाटेत आणखी दोघे त्यांत सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांना बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघी आणि सतरा सामान्य जपानी माणसे होती. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता.

रोमने १६२७ साली त्यांना धन्य म्हटले आणि ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. सिस्टर अल्फोन्सा २००८ साली संत झाल्या, तोवर हिंदुस्थानात जन्मलेला संत म्हणून नाव सांगावयाचे ते या दुभाष्याचेच.

आणि तरीही पंचांगात त्याचे नाव चटकन सापडत नाही! ५ फेब्रुवारीची जागा सिसिलीच्या संत आगाथेने फार पूर्वीपासून धरलेली. म्हणून १९६९ च्या सुधारलेल्या रोमन पंचांगात या मंडळींना दुसरा दिवस, ६ फेब्रुवारी, मिळाला. त्यावर लिहिले आहे : 'पॉल मिकी आणि सोबती'. मिकी हे येशूसंघाचे जपानी उपदेशक. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण आमचा गोन्सालो त्या 'सोबती' या एका शब्दात आहे. ज्या संघाने त्याला दाराबाहेर ठेवले, त्याच संघाच्या माणसाच्या नावामागे त्याची तिथी लागली. मला स्वतःला हे खटकते. त्याला खटकले नसते, असेही वाटते.

जपानात मात्र हा सण अजून ५ तारखेसच होतो. संतपदाच्या शताब्दीस, १९६२ साली, निशिझाकावर काशाचे शिल्प उभारले. सव्वीस माणसे एका ओळीत आहेत, आणि वसईचा गोन्सालो त्यांतलाच एक.